पटावरचं दहावं नाव

ज्या सकाळी मोहखेड्यात शाळाप्रवेशाची प्रभातफेरी निघाली, नेमक्या त्याच सकाळी जगदेवच्या अंगणातल्या दोरीवर एक निळा टाय वाळत होता. टाय वीतभरच होता, इलॅस्टिकचा, लहान लेकराच्या गळ्यात अडकवायचा. एवढ्याशा टायची गोष्ट करावी असं त्यात काही नव्हतं. पण फेरीच्या सर्वांत पुढे हातात माईक घेऊन चालणारा माणूस गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता, आणि तो माणूस म्हणजे जगदेवच होता.

जगदेव अध्यक्ष झाला तो काही मोठ्या लढाईने नाही. समितीची सभा होती त्या दिवशी बाकीचे सगळे पेरणीला गेले होते आणि याचं सोयाबीनचं बियाणं अजून आलं नव्हतं, म्हणून हा मोकळा होता. पण एकदा अध्यक्ष झाल्यावर त्याने ते पद मनावर घेतलं. शाळेच्या ठरावांची वही तो घरी फडक्यात बांधून ठेवायचा. पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा सदरा घालून झेंड्यापाशी असा उभा राहायचा की बाहेरगावच्या माणसाला वाटावं, झेंडा यांनीच शिवून आणला.

यंदा मात्र प्रसंग बाका होता. उन्हाळ्यात वरून पत्र आलं होतं, की ज्या शाळेचा पट दहाच्या खाली जाईल ती शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडण्यात येईल. मोहखेड्याच्या शाळेत चार वर्ग, दोन खोल्या, एक कडुनिंब आणि एक धनराज सर. पोरं होती नऊ. त्यातली पाच बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, चार गावातली. दहावं नाव यंदा पहिलीत येणार होतं, आणि ते होतं वैभवीचं. वैभवी म्हणजे जगदेवची नात, वय वर्षं सहा. अशी सगळी जमवाजमव असल्यामुळे अध्यक्षसाहेब फेरीत निर्धास्त होते.

"कॉन्व्हेंट, कॉन्व्हेंट काय करता?" ते प्रत्येक दारात थांबून माईकमधून सांगत होते. "तिथं लेकरू इंग्रजीत पानी मागन, अन् तुमाले समजनार नाई. मंग काय तहानलेलं ठेवता त्याले?"

बायका पदराआड हसत होत्या. माईक पोहरादेवीच्या यात्रेत भजनाला वापरलेला होता, त्याची ती सवय गेली नव्हती आणि मधूनच तो स्वतःच कूं करत होता. मागून नऊ पोरं घोषणा देत होती. पोरांच्या पुढे हातात पाटी घेऊन वैभवी आणि तिचा हात धरून मंजू. मंजू तांड्यावरची, दुसरीतली. तिची आजी धनीबाई शाळेत खिचडी शिजवायची, आणि अंगणवाडीत जायच्या वयापासून वैभवी त्या चुलीपाशीच वाढली होती. दोघी एका ताटलीत जेवायच्या. का, तर दुसरी ताटली घासावी लागू नये, असं त्यांनी धनीबाईला एकदा समजावून सांगितलं होतं.

फेरीचा शेवट प्रथेप्रमाणे अध्यक्षांच्या अंगणात चहा-बिस्किटाने व्हायचा. तिथे पोचल्यावर मंजूनेच तो पाहिला. "आबा," ती म्हणाली, "तुमच्या इथं टाय हाय."

समोरच्या ओट्यावर राजपाल दात घासत बसला होता. राजपाल हा जगदेवचा शेजारी. गावात कोणाचंही काही अडलं की त्याला सल्ला द्यायला तो अंघोळीच्या आधीसुद्धा तयार असे. त्याने शांतपणे चूळ भरली आणि म्हणाला, "अध्यक्षसाहेब, भाषन घरून सुरू कराचं असते."

धनराज सरांनी पोरांना बिस्किटं वाटायला सुरुवात केली. त्यांनी टायकडे एकदाही पाहिलं नाही. फार सज्जन माणूस.

घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोन बाजूंना बोलावं लागतं. मुलगा राजू मंगरूळपीरला खताच्या दुकानात कामाला होता. तो "तिलेच इचारा" म्हणून गाडीला किक मारून निघून गेला. जगदेवची बायको सोजरबाई पोळ्या लाटत होती, ती लाटतच राहिली. राहिली सून वैजयंती; प्रवेश व्हायच्या आधीच टाय आणून धुऊन ठेवला होता तो तिनेच. ती एरवी सासऱ्यासमोर मोठ्याने बोलायची नाही. त्या दिवशीही मोठ्याने बोलली नाही.

"मामाजी, मी बी अशाच शाळेत शिकली," ती म्हणाली. "बारावी झाली. लग्नाच्या आधी अकोल्याले एका दवाखान्यात नोकरीसाठी गेल्ती. तिथल्या बाईनं इंग्रजीत दोन गोष्टी इचारल्या. मले समजल्या बी होत्या, पन तोंडच नाई उघडलं. घामानं वल्ली झाली मी. तिनं हसून फार्म वापस देला. वैभीचं तसं नाई होऊ देनार मी. बस."

जगदेवने माईक अजून हातातच धरला होता. तो बंद होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण त्याला पूर्ण पाठ होती. दुसरा अर्धा भाग त्याने त्या दिवशी मनातसुद्धा म्हटला नाही.

संध्याकाळी राजपाल तंबाखूत चुना मळत आला. "तुमी दोघंबी बराबर हा," तो म्हणाला. राजपालचा हा मोठा गुण होता, त्याच्या मते सगळेच बरोबर असायचे. "शाळेले पायजे नाव. सुनेले पायजे कॉन्व्हेंट. मंग भांडता कायले? नाव ठेवा इथं, पोट्टी धाडा तिथं."

"असं कसं जमन?"

"काहून नाई जमनार? माहा पुतन्या पुन्याले हाय, त्याचं नाव इथल्या रेशनात. तुकारामाची बायको चार सालापासून माहेरी हाय, नाव इथल्या बचत गटात. आपल्या गावात नावं जास्त अन् मानसं कमीच हायेत भाऊ. एक वाढलं तं काय बिघडते?"

मोहखेड्याबाहेरच्या माणसाला हा सल्ला वेडपट वाटेल. पण गावाचा हा जुना रिवाजच होता. माणसं पोटामागे निघून जायची आणि नाव गावात ठेवून जायची, जशी किल्ली शेजारी ठेवून जावी तशी. नाव राहिलं की माणूस राहिला, असं सगळ्यांनी धरून चालायचं. जगदेवलाही त्यात खोटं काही दिसलं नाही. उलट दोन्ही शाळांचं आणि दोन्ही पिढ्यांचं मन राखल्याचा त्याला थोडा अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धनराज सरांच्या पुढ्यात बसून पहिलीच्या पटावर वैभवीचं नाव घातलं, खाली पालक म्हणून सही केली, आणि तेच पेन खिशाला लावून सुनेबरोबर मंगरूळपीरच्या बसमध्ये चढला.

कॉन्व्हेंटचं नाव न्यू गोल्डन स्टार. आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणायला पाद्री वगैरे लागत नाही, टाय आणि पिवळी गाडी असली की पुरे. तिथे पालकांची मुलाखत होती. राजूला खताच्या हंगामात सुटी नव्हती, म्हणून पालक जगदेव. बसायला सगळ्या खुर्च्या लेकरांच्याच होत्या. जगदेवच्या वाट्याला हत्तीच्या आकाराची लाल खुर्ची आली. गुडघे कानाशी घेऊन, हत्तीची सोंड दोन्ही पायांत धरून अध्यक्षसाहेब पाऊण तास बसले. सदरा इस्त्रीचा होता, हे त्यांच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

मॅडमनी वैभवीला टोमॅटोचं चित्र दाखवलं. "व्हॉट इज धिस, बेटा?"

"हे धनीआजी खिचडीत टाकते," वैभवी म्हणाली.

"इंग्लिश प्लीज."

वैभवीने बराच विचार केला. "खिचडीत टाकते प्लीज," ती म्हणाली.

मॅडम हसल्या. वैजयंती हसली नाही. तिने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं, आणि ते जगदेवने पाहिलं.

"आणि आपण काय करता?" मॅडमनी जगदेवला विचारलं.

"शेती," जगदेव म्हणाला, आणि सवयीने पुढे बोलून गेला, "अन् शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष हाय."

"कोणत्या शाळेच्या?"

हत्तीच्या खुर्चीतून लवकर उठता येत नाही, नाहीतर तो तिथूनच निघाला असता. "हाय एक," तो म्हणाला. मग त्याच्यापुढे एक कागद आला. त्यावर छापलं होतं, की माझ्या पाल्याचे नाव अन्य कोणत्याही शाळेत दाखल नाही. जगदेवने तो दोनदा वाचला. खिशाचं पेन काढलं. त्याच पेनाने सही केली.

जून संपला, जुलै लागला. वैभवी रोज सकाळी साडेसातला पिवळ्या गाडीत बसून जायची. तांड्याच्या वळणावर मंजू भांडी घासता घासता उभी राहायची आणि हात करायची. गाडीच्या काचेतून वैभवीचा टायच आधी दिसायचा. डब्याचं वेळापत्रक कॉन्व्हेंटने छापून दिलं होतं, सोमवारी फळं, मंगळवारी इडली. सोजरबाईने जन्मात इडली केली नव्हती. तिने पहिल्या मंगळवारी ज्वारीच्या पिठाची केली, ती डब्यातून जशी गेली तशी परत आली, आणि बैलानेही ती दोनदा हुंगून मग खाल्ली.

एका संध्याकाळी वैभवी घरी येऊन म्हणाली, "आबा, वॉटर प्लीज." जगदेव उठला, माठातलं पाणी गडव्यात घेऊन आला आणि तिच्या हाती दिलं. आपल्याला समजलं याचं त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याला तेव्हाही कळलं नाही.

मग केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. आले म्हणजे अचानकच, पण मास्तर लोकांत एक धर्म असतो. साहेब एका शाळेकडे निघाले की आधीच्या गावचा मास्तर पुढच्या गावच्या मास्तरला कळवतो. त्या दिवशी धनराज सरांना फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजून गेले होते आणि पिवळी गाडी नुकतीच गेली होती.

राजूची मोटरसायकल राजूकडे. राजपालने आपली काढली. तिला ढकलल्याशिवाय सुरू व्हायची सवय नव्हती, म्हणून अध्यक्षसाहेब ती ढकलत वेशीपर्यंत धावले आणि मग मागे बसले. नाल्याच्या पुलावर त्यांनी गाडी अडवली.

"काहून उतरवता?" ड्रायव्हरने विचारलं. "मॅडमले काय सांगू?"

"पोट दुखते म्हन तिचं."

"माहं नाई दुखत," वैभवी खिडकीतून म्हणाली.

"माहं दुखते," जगदेव म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं.

अकरा वाजता साहेब आले. दहा पोरं ओळीत बसली होती. नऊ खाकी-पांढऱ्यात आणि एक निळ्या टायमध्ये. घाईत टाय काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"ही मुलगी?" साहेबांनी विचारलं.

"सांस्कृतिक कार्यक्रमाची तयारी चालू आहे सर," धनराज सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "इंग्रजी नाटिका."

साहेबांनी मोजलं, दहा. लिहिलं, दहा. खिचडीची चव पाहिली, धनीबाईला "छान" म्हणाले आणि गेले. धनीबाईने ते ऐकून चूल सारवल्यासारखी पुन्हा पुसून काढली. जगदेव कडुनिंबाखाली बसून घाम टिपत होता. समोर वैभवी आणि मंजू एका ताटलीत जेवत होत्या. वैभवीने टाय पाठीवर फिरवला होता, खिचडी सांडू नये म्हणून. महिनाभराचं सगळं ती एका घासात सांगत होती, आणि मंजू ऐकता ऐकता आपल्या वाट्याचा टोमॅटो वैभवीच्या बाजूला सरकवत होती. घरी न्यायला उठवलं तेव्हा वैभवी खांबाला धरून बसली.

"मले इथंच राहू दे आबा," ती म्हणाली. "उद्या बी माहं पोट दुखन."

जगदेवने तिला उचलून घरी नेलं. दहा झाले, शाळा वाचली, असं तो वाटेत दोन माणसांना सांगत गेला.

नावाचं नाटक माणसांपुढे चालतं. आधारकार्डापुढे चालत नाही, हे मोहखेड्याला सप्टेंबरात कळलं. धनराज सर पोरांची माहिती भरायला शाळेमागच्या बांधावर बसायचे, कारण रेंज फक्त तिथे यायची. नऊ नावं भरली गेली. दहाव्या नावाला मोबाइल लाल झाला. हे मूल दुसऱ्या शाळेत दाखल आहे, असं तो म्हणाला. सरांनी तीनदा भरून पाहिलं. तिन्ही वेळा तो तेच म्हणाला.

पुढचे आठ दिवस जगदेव तालुक्याला, मंगरूळपीरलाच होता. शिक्षण विभागातल्या एका बाबूने सांगितलं, कॉन्व्हेंटचं पत्र आणा की लेकरू त्यांच्याकडे नाही. कॉन्व्हेंटने सांगितलं, आधी जिल्हा परिषद शाळेचं पत्र आणा की लेकरू तिच्याकडे नाही. दोघेही पत्र द्यायला तयार होते, आधी दुसऱ्याने दिलं तर. जगदेव फाईल बगलेत धरून कचेरी आणि कॉन्व्हेंटच्या मधल्या दर्ग्यावरून इकडे आणि दर्ग्यावरून तिकडे असा इतका फिरला की दर्ग्यापाशी फुलं विकणाऱ्याने तिसऱ्या दिवशी त्याला नवसाचा माणूस समजून फुलं कमी दरात देऊ केली. ज्या पोरीला दोन-दोन शाळा होत्या, तिला आता दोन्ही शाळा नाही म्हणायला बसल्या होत्या.

शेवटी कचेरीतल्या कोपऱ्यात संगणकावर बसणाऱ्या सपना नावाच्या मुलीला त्याची दया आली. "काका, उगाच कायले चकरा मारता?" ती म्हणाली. "आधार एक, शाळा एक. कोनती ठेवाची ते सांगा फक्त. मी आत्ता करून देतो. पन तीस तारखेच्या आत सांगा."

एवढं सोपं होतं ते. जगदेव तिच्या टेबलापाशी उभा राहिला. त्याला वाटलं, आपण आठ दिवस पत्रासाठी फिरलो की हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून फिरलो.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने मन घट्ट केलं. "वैभी आपल्या शाळेत येईन," तो म्हणाला. "नऊ लेकरायची शाळा बंद होते. तांड्यातली पोरं नाला पार करून अडीच कोस कुठी जातीन? अन् मी कोन्या तोंडानं गावात फिरू?"

राजू ताटात पाहत राहिला. वैजयंतीने वाढायचं थांबवलं नाही. "तुमी म्हनान तसं, मामाजी," ती म्हणाली. "पन शुक्रवारी तिचं भाषन हाय तिथं. पयलंच. पंधरा दिवस झाले, मी तिच्याकडून पाठ करून घेऊन राह्यली. तेवढं आयकून या. मंग काढा नाव."

यात अवघड काही नव्हतं. शुक्रवारी सकाळी जगदेव टीसीचा अर्ज खिशात घालून कॉन्व्हेंटच्या पटांगणात सुनेच्या शेजारी उभा राहिला. एकामागून एक लेकरं येत होती, कोणी रडत होतं, कोणी विसरत होतं. मग वैभवी आली. माईक तिच्यापेक्षा उंच होता, तो कोणीतरी वाकवून दिला. हा माईक कूं करत नव्हता.

"माय ग्रँडफादर," वैभवी म्हणाली. "माय ग्रँडफादर इज अ फार्मर. ही इज प्रेसिडेंट ऑफ अ स्कूल. इट इज अ व्हेरी गुड स्कूल. आय लव्ह माय ग्रँडफादर. थँक यू."

ती कुठेही अडली नाही. टाळ्या वाजल्या. वैजयंतीने मोबाइल धरला होता, पण ती पाहत होती वैभवीकडे; त्यात काय उमटलं असेल देव जाणे. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"काय म्हने ते?" जगदेवने विचारलं. त्याला सगळं समजलं होतं, तरी विचारलं.

"तुमचं सांगे," वैजयंती म्हणाली. "तुमी अध्यक्ष हा म्हने. तुमची शाळा लई चांगली हाय म्हने."

जगदेवने खिशावर हात ठेवला. अर्ज तिथेच होता. त्याच्या डोळ्यांपुढे अकोल्याच्या दवाखान्यात घामाने ओली झालेली एक अठरा वर्षांची पोरगी उभी होती, आणि खांबाला धरून बसलेली सहा वर्षांची एक. दोघींना एकदम हो म्हणायची सोय असती तर त्याने वाटेल त्या कागदावर सही केली असती. पोरगी स्वतःची असली की माणूस अध्यक्ष राहत नाही, हे त्याला त्या पटांगणात कळलं आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली. तिथून तो कचेरीत गेला.

"कोनती?" सपनाने विचारलं.

"कॉन्व्हेंट," जगदेव म्हणाला. तिने बटण दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही.

गावच्या थांब्यावर धनराज सर वाट पाहत होते. त्यांनी जगदेवचं तोंड पाहिलं, एवढं पुरे झालं. दोघे शाळेपर्यंत चालत गेले. शाळेच्या फाटकाशी सर म्हणाले, "आबा, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. माझा मुलगा वाशिमला कॉन्व्हेंटमध्येच आहे. म्हणूनच तर मी तुम्हाला एका शब्दाने बोललो नाही."

जगदेवला यावर हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं.

दिवाळी झाली आणि शाळा जोडण्याचं पत्र आलं. सरांची बदली झाली. गावातल्या दोघांनी आपली पोरं पिवळ्या गाडीत बसवली, उरलेली दोन नाला ओलांडून शेजारच्या गावी जाऊ लागली. तांड्यावरून कोणी गेलं नाही. राहिलं सामान, ते मोजून द्यायचं काम अध्यक्षांचं.

जगदेव वही घेऊन दुपारी शाळेत बसला. फळे दोन. खुर्च्या दोन, पैकी एक मोडकी. भारताचा नकाशा एक, उत्तरेकडून उंदरांनी खाल्लेला. घंटा एक, म्हणजे रुळाचा तुकडा. भांडी मोजायला धनीबाई आली होती. सोबत मंजू होती. धनीबाईने मोठं पातेलं घासून असं लख्ख करून आणलं होतं की नव्या सुनेला दाखवायचं असावं.

"तुमी कवा निघता?" जगदेवने विचारलं. मंजूचे आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. मंजू आजीपाशी राहायची, कारण आजीला खिचडी होती आणि मंजूला शाळा.

"उद्या टरक येते भाऊ," धनीबाई म्हणाली. "यंदा मी बी जातो. इथं राहून काय करू? खिचडी नाई तं माहं काय काम हाय?"

"अन् मंजू?"

धनीबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तो असता तर जगदेवला बरं वाटलं असतं. "तिले एकटीले कुठी ठेवू?" ती म्हणाली. "येईन संगं. उसाच्या शेंड्याचे वाढे बांधाले शिकन."

मंजूने तोवर ताटल्या एकावर एक रचल्या होत्या. दहा होत्या. ती आजीच्या कानाशी काहीतरी म्हणाली. धनीबाई संकोचली.

"भाऊ, एक इचारू का? हे ताटली मागून राह्यली. तिची अन् वैभीची जे होती ते. फडावर जेवाले होईन म्हने. पन शाळेची हाय, कागदावर असन. नसन जमत तं राहू द्या."

जगदेवने वहीत पाहिलं. ताटल्या, त्याने लिहिलं, आणि पेन थांबलं. हे तेच पेन होतं. याच पेनाने त्याने नऊ पोरांची दहा केली होती.

त्याने नऊ लिहिलं आणि खाली सही केली.

"ने," तो म्हणाला.

मंजूने ताटली फ्रॉकला पुसली आणि छातीशी धरली. धनीबाईने पातेलं उपडं घातलं, चुलीवरून एकदा हात फिरवला आणि दारातून परत वळली.

"उसाहून आलो का वापस आनून देतो भाऊ," ती म्हणाली. "शाळा उघडली तं लागन ना."

 जगदेवने मान हलवली. त्या दोघी तांड्याच्या वाटेला लागल्या तेव्हा पिवळी गाडी गावात शिरत होती. मंजूने हात करायला ताटलीच वर केली. गाडीतून वैभवीने हात केला की नाही, ते जगदेवला दिसलं नाही. तो फाटकाला कुलूप लावत होता आणि किल्ली काही केल्या फिरत नव्हती.